१४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वर का अडतो: पार्श्वभूमी

खोक्यावर १४४ किंवा १६५ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला इतक्या वेळा नवे चित्र) असे ठळक छापलेला गेमिंग मॉनिटर घरी आणून जोडावा आणि विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ६० हाच आकडा दिसावा, असा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी पहिली शंका मॉनिटरवर येते. बहुतेक प्रसंगी मॉनिटर निर्दोष असतो. मॉनिटर, केबल, ग्राफिक्स कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम हे चौघे चित्राचा वेग आपसांत ठरवतात. त्यांपैकी एकाचीही क्षमता कमी पडली किंवा एकालाही खात्री वाटली नाही, तर सगळे सर्वांना मान्य असलेल्या वेगावर येतात, आणि तो वेग बहुधा ६० असतो. हा आकडा असा सर्वमान्य कसा झाला हे समजले, तर बिघाड कुठे शोधायचा हेही बरेचसे समजते.

अमेरिकेत १९४१ साली टीव्हीचे मानक ठरले, तेव्हा चित्राचा वेग तिथल्या विजेच्या ६० आवर्तनांशी जुळवून घेण्यात आला, कारण दोन्हींत तफावत राहिली तर पडद्यावर हलते पट्टे दिसण्याचा धोका होता. आपल्याकडे वीज ५० आवर्तनांची, म्हणून दूरदर्शनचे प्रसारणही ५० वर चालले. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत प्रसारणाचे मानक आले आणि रंगाचा संकेत ध्वनीच्या संकेतात मिसळू नये म्हणून ६० चे ५९.९४ करण्यात आले. विंडोजच्या यादीत आजही ५९ किंवा ५९.९४ दिसते ते याच तडजोडीमुळे. तो बिघाड नव्हे. आयबीएमने १९८७ मध्ये व्हीजीए हे संगणकाच्या चित्राचे मानक आणले, त्यातही ६४० बाय ४८० चे चित्र ६० हर्ट्झवरच होते. काचेच्या नळीच्या मॉनिटरवर ६० चा वेग डोळ्यांना लुकलुकल्यासारखा जाणवे, म्हणून १९९० च्या दशकात जाणकार मंडळी तो ७५ किंवा ८५ वर नेऊन ठेवत. एलसीडी पॅनलमागचा दिवा मात्र सतत पेटलेला असतो. लुकलुक संपली, वेग वाढवण्याची निकड संपली आणि ६० पक्के झाले. खेळणाऱ्यांच्या दृष्टीने हे एक पाऊल मागे होते असे मला वाटते, कारण हलत्या चित्राची स्पष्टता त्या जुन्या नळीत अधिक होती.

नळीचा आणखी एक वारसा संकेतातच राहून गेला. इलेक्ट्रॉनचा झोत ओळीच्या शेवटून पुन्हा सुरुवातीला यायला वेळ घेत असे, म्हणून प्रत्येक ओळीच्या आणि प्रत्येक चौकटीच्या, म्हणजे पूर्ण चित्राच्या, शेवटी रिकामी जागा सोडली जाई. एलसीडीला अशा झोताची गरज नाही, तरी ती जागा टिकली. फुल एचडी चित्र १९२० बाय १०८० पिक्सेलचे दिसते, पण प्रचलित मानकानुसार तारेतून जाते ते २२०० बाय ११२५ च्या हिशेबाने, म्हणजे ६० हर्ट्झला सेकंदाला १४ कोटी ८५ लाख पिक्सेल. १९९९ मध्ये आलेल्या डीव्हीआय या संगणक-मॉनिटर जोडणीतील एका दुव्याची (तारांच्या एका संचाची) मर्यादा १६ कोटी ५० लाख होती. फुल एचडी ६० हर्ट्झवर त्यात जेमतेम मावले आणि वर फारसे काही उरले नाही. व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संघटनेने २००३ मध्ये ही रिकामी जागा कमी करणारी पद्धत प्रमाणित केली. पुढे १४४ चा वेग तारेत मावला त्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे.

२००९ मध्ये सॅमसंग आणि व्ह्यूसॉनिक यांचे १२० हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर बाजारात आले. त्यांना चालना मिळाली ती एनव्हीडिया या ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या त्रिमितीय चष्म्यामुळे, ज्यात प्रत्येक डोळ्याला ६० चित्रे द्यायची होती. एवढ्या वेगासाठी दुहेरी दुव्याची डीव्हीआय केबल लागे, आणि दिसायला तशाच पण मधल्या पिना नसलेल्या एकेरी केबलवर तोच मॉनिटर ६० वर येई. २०१२-१३ च्या सुमारास १४४ हर्ट्झचे मॉनिटर आले, तेव्हा अनेकांत पूर्ण वेग दुहेरी डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट या नव्या जोडणीवरच मिळे आणि शेजारचा एचडीएमआय पोर्ट ६० वर थांबे. एकाच मॉनिटरचे सर्व पोर्ट सारखे नसतात ही गोष्ट तेव्हापासूनची आहे, आणि आजही सर्वाधिक घोटाळा इथेच होतो.

आकडेमोड केली की कारण स्पष्ट होते. २५६० बाय १४४० चे चित्र १४४ हर्ट्झवर, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरून, सेकंदाला सुमारे १२.७ गिगाबिट होते, आणि त्यावर रिकाम्या जागेचा भार वेगळा. एचडीएमआय १.४ मधून चित्रासाठी प्रत्यक्षात ८.१६ गिगाबिटच मिळतात, म्हणून अशा मॉनिटरचा वेग त्या पोर्टवर ७५ च्या आसपास अडतो. २०१० चे डिस्प्लेपोर्ट १.२ प्रत्यक्षात १७.२८ गिगाबिट देते. आसूसचा पीजी२७८क्यू हा एवढ्याच पिक्सेलचा १४४ हर्ट्झचा मॉनिटर २०१४ मध्ये आला, तेव्हा चित्रासाठी त्याला फक्त एक डिस्प्लेपोर्ट होता. ग्राहकाला पर्यायच नसल्यामुळे चुकीच्या पोर्टला जोडण्याचा प्रश्न तिथे उद्भवत नव्हता.

पोर्ट योग्य असूनही ६० दिसत असेल, तर मॉनिटरची ओळखपत्रिका पाहावी लागते. १९९४ मध्ये व्हेसाने ईडीआयडी नावाची १२८ बाइटची नोंद प्रमाणित केली. मॉनिटर आपल्याला काय पेलते हे तिच्यातून संगणकाला सांगतो, आणि प्रत्येक पोर्टची नोंद वेगळी असू शकते. या नोंदीत आपल्या पसंतीचा वेग पहिल्या जागी लिहायचा असतो. कोणत्याही जुन्या यंत्रावर निदान चित्र तरी यावे म्हणून अनेक उत्पादक तिथे ६० लिहितात आणि वरचे वेग पुढे नोंदवतात. विंडोज पहिली नोंद प्रमाण मानून चालते. वरचा वेग यादीत असतो, पण ॲडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर जाऊन तो आपण निवडावा लागतो. यादीत तो नसेलच, तर नोंद संगणकापर्यंत नीट पोचत नाही किंवा वाटेतील एखादा दुवा तोकडा आहे. त्या मूळ नोंदीत वेग लिहिण्याची जागाच इतकी लहान आहे की सेकंदाला ६५ कोटी ५३ लाख ५० हजार पिक्सेलपलीकडचा आकडा तिच्यात मावत नाही, म्हणून ४के चे (फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असलेल्या चित्राचे) वरचे वेग नंतर जोडलेल्या विस्तारित नोंदींत लिहावे लागले.

तोकडा दुवा पुष्कळदा केबल किंवा अडॅप्टर असतो. डिस्प्लेपोर्टमध्ये दोन्ही टोके चित्र सुरू करण्यापूर्वी तारेची चाचणी घेतात आणि चुका आढळल्या तर मुकाट्याने खालच्या वेगावर उतरतात; पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे नेणाऱ्या जुन्या साध्या अडॅप्टरची मर्यादा तर तीच १६ कोटी ५० लाख पिक्सेलची, म्हणजे १९९९ च्या डीव्हीआयचीच आहे. म्हणून शोध घेताना मधला अडॅप्टर आधी काढावा, मॉनिटरबरोबर आलेली केबल लावावी आणि ती मदरबोर्डच्या नव्हे तर ग्राफिक्स कार्डच्या पोर्टला जोडली आहे ना, हे पाहावे.

४के मॉनिटरांनी प्रश्न आणखी बिकट केला. २०१८ मध्ये आलेल्या १४४ हर्ट्झच्या पहिल्या ४के गेमिंग मॉनिटरांना डिस्प्लेपोर्ट १.४ चे २५.९२ गिगाबिटही अपुरे पडले. त्यांवर १० बिट रंग (लाल, हिरवा, निळा प्रत्येकी १० बिट) पूर्ण तपशिलासह ९८ हर्ट्झपर्यंतच मिळत, ८ बिट रंगासह १२० पर्यंत, आणि १४४ साठी रंगाचा तपशील कमी करावा लागे. पुढे संकेत आकुंचित करून पाठवण्याची डीएससी पद्धत मॉनिटरांत रुळली आणि ही निवड करण्याची वेळ कमी झाली. तरीही वेग अडत असेल, तर रंगाची खोली १० वरून ८ बिटवर आणून पाहण्याचा उपाय आजही उपयोगी पडतो.

२०१७ मध्ये जाहीर झालेल्या एचडीएमआय २.१ ची कमाल क्षमता ४८ गिगाबिट आहे, परंतु त्या मानकातील बहुतेक नव्या सुविधा ऐच्छिक आहेत आणि जुन्या २.० इतक्याच क्षमतेच्या पोर्टलाही २.१ म्हणता येते, हे २०२१ च्या अखेरीस उघड झाले. माझ्या मते ही ग्राहकाची सरळ दिशाभूल आहे. आवृत्तीचा आकडा न पाहता मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक पोर्टपुढे लिहिलेला कमाल वेग पाहावा. जाहिरातीतील आकडा ओव्हरक्लॉकचा, म्हणजे मूळ वेगापलीकडे ताणून मिळवलेला, असेल, जसा २०१५ च्या पीजी२७९क्यू मॉनिटरचा १६५ होता, तर मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ती सोय चालू केल्याशिवाय तो वेग विंडोजच्या यादीत येतच नाही.