पावलं मोजलीच नाहीत, की मोजून पोहोचली नाहीत?

"ॲप बंद पडलंय रे, पावलं दाखवतच नाही." यंदा चतुर्थी झाल्यावर हे वाक्य मी घरातल्या दोघांकडून ऐकलं. एक साखळीची आत्या, दुसरे पणजीचे भावोजी. तक्रार शब्दाला शब्द तीच, पण बिघाड अगदी वेगळे. आत्याची पावलं फोनने मोजलीच नव्हती. भावोजींची मोजली गेली होती, फक्त मनगटावरच्या बँडमधून फोनपर्यंत आली नव्हती. एका बिघाडाचा उपाय दुसऱ्यावर केला, तर हाताशी असलेलीही नोंद जाते. भावोजींची तशी गेली, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी आत्याचं. तिचा फोन साधा अँड्रॉइड, बँड वगैरे काही नाही. वाळवंटी नदीच्या काठाने कारापूरच्या विठ्ठलाच्या देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं, हा तिचा सकाळचा नेम. पावसाळ्यात तो मोडला. चतुर्थीनंतर पुन्हा सुरू केला, तर ॲपमध्ये रोज शून्य. मी म्हटलं, "आत्या, ॲप उघडं ठेव, फोन हातात धर आणि मोठ्याने मोजत शंभर पावलं चाल." ती अंगणातून रस्त्यापर्यंत गेली, वळली, तुळशीपाशी येऊन "शंभर" म्हणाली. दहा-पंधरा सेकंद थांबलो, कारण अँड्रॉइडमध्ये आकडा पुढे सरकायला कधी कधी दहा सेकंदही लागतात. शून्य ते शून्यच.

आकडा त्याच फोनमध्ये, डोळ्यांसमोर, ॲप उघडं असताना हलत नसेल, तर दोष मोजणीचा. फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो. चालताना शरीराला बसणारा ठरावीक लयीतला झटका तो टिपतो आणि त्या लयीवरून पाऊल ओळखलं जातं. 2013 साली आयफोन 5एसमध्ये यासाठी वेगळी चिप आली आणि त्याच वर्षी अँड्रॉइड 4.4 मध्ये पावलं मोजणाऱ्या सेन्सरची सोय झाली. त्यामुळे स्क्रीन बंद करून फोन खिशात टाकला तरी मोजणी चालू राहते. पण 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून हा सेन्सर वापरायला ॲपला 'शारीरिक ॲक्टिव्हिटी' नावाची परवानगी लागते. ती नसेल तर ॲप उघडतं, रंगीत वर्तुळ दाखवतं, सगळं ठीकठाक वाटतं, आणि आत एक पाऊलही जात नाही.

आत्याने परवानगी कधी काढली होती? तिने काढलीच नव्हती. अँड्रॉइड 11 पासून एखादं ॲप काही महिने उघडलं नाही, तर फोन आपणहून त्याच्या परवानग्या काढून घेतो. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. त्या काळात चालणं बंद म्हणजे ॲपही बंद. गोव्यात चतुर्थीच्या सुमाराला ही तक्रार एवढी का ऐकू येते, याचं निदान एक कारण मला यात दिसतं. सेटिंगमध्ये जाऊन, ते ॲप निवडून परवानगी परत दिली आणि न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या काढण्याचा पर्याय त्या ॲपपुरता बंद केला. पुन्हा शंभर पावलं. या वेळी ॲपने 97 दाखवली. आत्याला ती तीन पावलं हवी होती, पण एवढा फरक चालतो. लय पक्की होईपर्यंत बरीच ॲप्स सुरुवातीची काही पावलं धरतच नाहीत.

आयफोनमध्ये याच जागी 'मोशन अँड फिटनेस' बघायचं. तिथे फिटनेस ट्रॅकिंग बंद असेल तर मोजणी बंद.

जे मोजलंच गेलं नाही ते परत मिळत नाही, हेही आत्याला सांगावं लागलं. मधल्या आठ दिवसांची पावलं कुठे अडकून पडलेली नव्हती. ती कुठे नोंदवलीच गेली नव्हती.

आता भावोजींचं. ते संध्याकाळी मिरामारहून दोनापावलाकडे चालतात, बँड बांधून. मनगटावर 7,840 आणि फोनवर 1,215. खरं म्हणजे निदान इथेच झालं होतं. मनगटावरचा आकडा वाढतोय म्हणजे मोजणी उत्तम चाललीय, अडथळा पुढच्या वाटेवर आहे. बँडमधून ब्लूटूथने बँडच्या ॲपकडे, तिथून आरोग्याची सगळी नोंद ठेवणाऱ्या हेल्थ कनेक्टकडे (अँड्रॉइड 14 पासून ते फोनमध्येच असतं), आणि तिथून भावोजी जे ॲप बघतात त्याच्याकडे. प्रत्येक ठिकाणी वेगळं दार आहे. हेल्थ कनेक्टमध्ये तर लिहिण्याची परवानगी वेगळी आणि वाचण्याची वेगळी. बँडच्या ॲपला लिहू दिलं, पण दुसऱ्या ॲपला वाचू दिलं नाही, तर पावलं मधल्या खोलीत बसून राहतात.

भावोजींनी मला विचारण्याआधी एका मोबाईलच्या दुकानात दाखवलं. दुकानदाराने ॲप काढलं, बँडची जोडणी तोडली, बँड रीसेट केला, सगळं नव्याने जोडलं. आकडे जुळायला लागले. पण बँडच्या पोटात थांबलेली तीन दिवसांची नोंद रीसेटमध्ये पुसली गेली. डॉक्टरांनी मधुमेहासाठी रोजचं चालणं लिहून ठेवायला सांगितलेल्या माणसाची ती नोंद होती. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण नुसतं ब्लूटूथ बंद-चालू करून, बँडचं ॲप उघडून, स्क्रीन वरून खाली ओढून दोन मिनिटं थांबले असते, तर ते तीन दिवस बहुतेक फोनवर आले असते. बँड बरेच दिवसांची नोंद स्वतःजवळ ठेवतो, तो वाट बघत असतो. म्हणून पोहोचण्याचा दोष असेल तर आधी सगळी दारं उघडून बघायची आणि रीसेटला अगदी शेवटी हात लावायचा. मोजणीच्या दोषात पुसायला काही नसतंच, त्यामुळे तिथे ॲप काढून पुन्हा टाकल्याने फार बिघडत नाही, एवढंच की आधीच्या महिन्यांची नोंद खात्यावर जपली गेलीय का ते बघून घ्यावं.

दोन्हींच्या मधला एक प्रकार आहे आणि त्यात माणूस हमखास फसतो: बॅटरी वाचवणारी सेटिंग. दिवसभर आकडा थिजलेला, संध्याकाळी ॲप उघडलं की एकदम चार हजारांची उडी. मोजणी चालू होती, ॲप झोपलं होतं, म्हणजे हा पोहोचण्याचाच दोष. पण काही फोन ॲपला झोपवत नाहीत, ते पूर्ण बंदच करून टाकतात. मग सेन्सरला "मोज" म्हणणारं कोणी उरत नाही आणि पावलं खरोखर जातात. ओळखायचं कसं? दिवसाच्या आलेखात तासातासाचे खांब बघा. ॲप उघडल्यावर खांब भरले, किंवा एकाच तासात मोठा ढीग दिसला, तर पावलं उशिरा आली. एकूण आकडा वाढलाच नाही आणि सकाळची जागा रिकामीच राहिली, तर ती मोजली गेली नाहीत. दोन्हीवर उपाय मात्र एकच: त्या ॲपसाठी बॅटरीची मर्यादा काढा. आणि अँड्रॉइड फोन बंद करून पुन्हा सुरू करायचा असेल, तर आधी एकदा ॲप उघडून आकडा येऊ द्या. सेन्सरचा आकडा रीस्टार्टनंतर शून्यापासून सुरू होतो. आयफोनवाल्यांना ही भीती कमी, तिथे मागच्या सात दिवसांची पावलं फोन स्वतः राखून ठेवतो.

आकडा कमी नसून जास्त असेल तर तो वेगळाच विषय. खड्ड्यांतून स्कूटर गेली की काही फोन ते झटकेही पावलं समजतात. फोन आणि बँड दोन्ही एकाच ठिकाणी लिहीत असतील तर तीच पावलं दोनदा धरली जाऊ नयेत म्हणून हेल्थ कनेक्टमध्ये कोणाची नोंद आधी धरायची ते ठरवता येतं.

आत्याचं अजून एक बाकी होतं. परवानगी दिल्यावरही देवळाच्या फेरीत पावलं कमी भरत होती. सोबत गेलो तेव्हा दिसलं, फोन फुलांच्या परडीत आणि परडी पोटाशी दोन्ही हातांनी स्थिर धरलेली. झटका फोनपर्यंत जातच नव्हता. आता ती फोन कमरेला खोचलेल्या बटव्यात ठेवते. परवा परतल्यावर उंबऱ्यातच उभी राहून तिने आकडा वाचून दाखवला, 3,406.