डब्यातल्या चॉकलेटविषयी थोडं

हा कागद आधी वाचायलाच हवा असं नाही. आधी एक तुकडा तोंडात टाका. चावू मात्र नका. जिभेवर ठेवून टाळूशी हलकेच दाबा आणि तो आपोआप विरघळू द्या. चॉकलेटमधलं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बीतली चरबी, साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपलं तोंड त्याहून जरासंच गरम असतं. हातात घट्ट राहणारा तुकडा तोंडात गेला की पाघळतो, त्यात जादू काही नाही, एवढाच हिशेब आहे. चावून गिळलंत तर निम्मी चव जिभेपर्यंत पोचतच नाही.

ठाण्यात हायवेवरच्या चौकालाच कॅडबरी जंक्शन म्हणतात. आपण सगळेच लहानपणी वाण्याकडे जाऊन कुठल्याही चॉकलेटला ‘एक कॅडबरी द्या’ म्हणत वाढलो. अशा गावात नौपाड्यातल्या दोन खोल्यांत कोकोच्या बिया भाजत बसायचं म्हणजे थोडं धाडसाचंच काम. रोज दुकानात येणारे तीन प्रश्न ठरलेले आहेत: हे इतकं कडू का, यावर पांढरं काय आलंय आणि ‘डार्क आहे, म्हणजे तब्येतीला चांगलं ना?’ काउंटरवर गर्दी असताना नीट उत्तर देता येत नाही, म्हणून हा कागद.

कडू का

कोकोचं फळ फणसासारखं थेट खोडाला लागतं. फोडलं की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात तीस-चाळीस बिया दाटीने बसलेल्या असतात. ही बी कच्ची चावून पाहिली तर तुरट आणि कडू लागते, चॉकलेटचा मागमूस नसतो. तो वास येतो आंबवण्यातून. गरासकट बिया पाच-सहा दिवस झाकून ठेवतात, ढीग आतून चांगला तापतो आणि बीच्या आत बदल होत जातात. इडलीचं पीठ कमी आंबलं किंवा जास्त आंबलं की काय होतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथेही तेच, फक्त चुकलेलं पुढे काही करून सुधारता येत नाही. मग उन्हात वाळवणं, भाजणं, टरफल पाखडणं आणि दळणं.

आमच्या बिया केरळातल्या इडुक्कीच्या आणि आंध्रातल्या गोदावरीकाठच्या. तिकडे नारळ-सुपारीच्या बागांत, सावलीत, आंतरपीक म्हणून कोको लावतात. दळायला दगडी चाकांचा ग्राइंडर आहे. इडली-डोशाच्या पिठासाठी आपल्याकडे जो बनला, त्यालाच थोडं बळकट करून जगभरातले छोटे चॉकलेटवाले वापरतात, हे कळल्यावर आम्हालाच कॉलर ताठ झाल्यासारखं वाटलं होतं. तो दोन-तीन दिवस अखंड फिरतो. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी सुरुवातीला या घरघरीची तक्रार केली होती. आता बंद असला की ‘आज बिघडला का?’ म्हणून विचारायला वर येतात.

पाकिटावरचे ७० टक्के म्हणजे कडूपणाचे गुण नव्हेत. वडीच्या वजनात ७० टक्के भाग कोकोच्या बीपासून आलेला आहे, दळलेली बी आणि वरून घातलेलं तिचंच बटर मिळून. उरलेली बहुतेक साखर. त्यात दळलेली बी किती आणि वरून घातलेलं बटर किती, हे प्रत्येकाचं वेगळं, म्हणून दोन दुकानांचे ७० टक्के एकसारखे लागत नाहीत. पहिल्यांदाच डार्क घेत असाल तर ५५ पासून सुरुवात करा. थेट ८५ घेऊन ‘आम्हाला नाही बुवा आवडत’ म्हणणारे बरेच भेटतात. त्यात त्यांची चूक नसते, घाई आमची असते.

एक शब्द कंपाउंडविषयी. घरी चॉकलेट करणाऱ्या ताई-काकू जो स्लॅब आणतात, तो बहुधा कंपाउंड असतो. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते. त्यामुळे तो स्वस्त पडतो, नुसता वितळवून साच्यात ओतला तरी नीट जमतो, उन्हाळ्यातही तग धरतो. वाढदिवसाला शाळेत वाटायला तेच सोयीचं, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त त्याला औषधी डार्क चॉकलेट समजून खाऊ नका. पाकीट उलटं करा, घटकांची यादी वाचा. पहिलं नाव साखरेचं आणि दुसरं वनस्पती चरबीचं असेल तर आपण काय घेतोय हे कळलंच.

पांढरं काय आलंय

बुरशी नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी गोठू शकतं आणि त्यातली पाचवी तऱ्हा आपल्याला हवी असते. तीच वडीला चकाकी देते आणि मोडताना तो ‘टक्’ आवाज. ती मिळवायला वितळलेलं डार्क चॉकलेट सत्तावीस-अठ्ठावीस अंशांपर्यंत उतरवून पुन्हा एकतीस-बत्तीसला आणावं लागतं. याला टेंपरिंग म्हणतात. घरी नेताना वडी गाडीच्या डिकीत तापली आणि मग पंख्याखाली पुन्हा गोठली, की ही घडी विस्कटते आणि बटर करड्या-पांढऱ्या थराने वर येतं. आमच्या पहिल्याच मे महिन्यात एका दुपारी वीज गेली, एसी बंद, आणि चारशे वड्या डोळ्यांदेखत भुरकट झाल्या. फेकल्या नाहीत, पुन्हा वितळवल्या. तुम्हीही फेकू नका, दुधात घालून प्या.

दुसरा पांढरेपणा फ्रिजचा. गार वडी बाहेर काढली की ठाण्याच्या दमट हवेत तिच्यावर दव धरतं, त्यात साखर विरघळते आणि पाणी उडाल्यावर खरखरीत उरते. थंडीत कपाटात ठेवलं तरी चालतं. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत फ्रिजला पर्याय नाही, पण डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि खाण्याआधी अर्धा तास डबा न उघडता बाहेर काढून ठेवायचा. आणि हो, लसणाच्या चटणीशेजारी ठेवू नका. चॉकलेट शेजारच्याचा वास फार पटकन उचलतं.

तब्येतीचं

इथे आमचा विक्रीचा मोह जरा आवरतो. कोकोच्या बीत फ्लॅव्हनॉल नावाचे घटक असतात, चहा आणि सफरचंदातही असतात. ते रक्तवाहिन्या सैल ठेवायला मदत करतात, याला पुरावा आहे. दिवसाला २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल घेतल्याने रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकायला मदत होते, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केलं. २०१७ मध्ये पस्तीस प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात वरचा रक्तदाब सरासरी दोन अंकांनीसुद्धा उतरलेला दिसला नाही. घरच्या यंत्रावर पाच मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजलं तरी याहून जास्त फरक पडतो. तेव्हा बीपीची गोळी चालू ठेवा.

अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक ज्येष्ठांवर मोठी चाचणी झाली, तिचे निकाल २०२२ मध्ये आले. रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल देऊनही हृदयविकार, पक्षाघात वगैरे मिळून एकूण घटनांत खात्रीने सांगावी अशी घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण चाचणीचा मुख्य प्रश्न तो नव्हता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या लोकांना चॉकलेट नव्हे, कॅप्सूल दिल्या होत्या. आंबवताना, भाजताना बीतले फ्लॅव्हनॉल कमी होत जातात. कोको पावडरीचा रंग गडद आणि चव सौम्य करायला तिच्यावर क्षाराची प्रक्रिया करतात, त्यात आणखी जातात. म्हणून गडद रंग बघून ‘हे जास्त गुणकारी’ समजू नका. आमच्या वडीत नेमके किती मिलिग्रॅम आहेत, हे आम्ही मोजून घेतलेलं नाही, त्यामुळे डब्यावर तसा दावा नाही.

दावा करता येतो तो एवढाच: ७० टक्क्यांच्या २० ग्रॅममध्ये, म्हणजे आमच्या दोन चौकोनांत, साधारण १२० कॅलरी आणि सहाएक ग्रॅम साखर असते. चहाचा सव्वा-दीड चमचा. जेवणानंतर गोड काही हवंच असेल तर गुलाबजामापेक्षा हे हलकं पडेल, आणि कडू असल्याने माणूस दोन चौकोनांवर थांबतो. आमच्या मते डार्क चॉकलेटचा सगळ्यात भरवशाचा आरोग्यगुण हाच.

मधुमेह असेल तर डार्क म्हणजे बिनसाखरेचं नाही, हे लक्षात असू द्या, आणि किती खावं ते डॉक्टरांना विचारा. ‘शुगर फ्री’मध्ये बऱ्याचदा साखरेऐवजी माल्टिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, त्यानेही रक्तातली साखर थोडी वाढतेच आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. हिमोग्लोबिनसाठी चॉकलेट नेणाऱ्या मावशींना आम्ही दर वेळी सांगतो की कोकोत लोह आहे खरं, पण ते अंगी फारसं लागत नाही. हळीवाचे लाडूच बरे. मूतखड्याचा त्रास असेल तर जपून, कारण कोकोत ऑक्झलेट भरपूर. रात्री झोप लागत नसेल तर संध्याकाळनंतर नको, थोडं कॅफिन असतंच. शिवाय कोकोचं झाड जमिनीतला कॅडमियम हा विषारी धातू शोषतं, म्हणून रोज अख्खी वडी हा बेत लहान मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी तरी नकोच.

घरात कुत्रा असेल तर डबा वरच्या फळीवर. कोकोतलं थिओब्रोमाइन त्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, आणि डार्क चॉकलेटचा थोडा तुकडाही त्याला विषारी ठरू शकतो. खाल्लंच तर वाट न बघता प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

आणखी कशात घालाल

चॉकलेटचा इतिहास हजारो वर्षांचा, पण त्यातला बहुतेक काळ ते प्यायलं गेलं. खायची वडी इंग्लंडात ब्रिस्टलला १८४७ मध्ये निघाली. मेक्सिकोत ते मिरची घालूनही पीत. आपण जायफळ घालू: कपभर दूध, त्यात २५ ग्रॅम डार्क किसून, मंद आचेवर रवीने घुसळायचं, वर जायफळ, मिठाचा कण. येऊरहून पावसात भिजून परत आलं की याला तोड नाही. भाजलेल्या तिळावर वितळलेलं डार्क ओतून केलेल्या वड्या गेल्या संक्रांतीला आमच्या घरी गुळाच्या वड्यांआधी संपल्या. आईने ते फार मनाला लावून घेतलं. श्रीखंडात मात्र घालू नका, आम्ही घालून पाहिलंय.

गणपतीच्या चॉकलेट मोदकांची ऑर्डर आठ दिवस आधी द्या. आतलं सारण खोबरं-गुळाचं आहे, काजूचं हवं असेल तर तसं सांगा. सगळं एकाच ग्राइंडरवर होतं, त्यामुळे सुक्यामेव्याची किंवा दुधाची अॅलर्जी असणाऱ्यांनी आमचं काहीच घेऊ नये. पत्र्याचा डबा परत आणलात तर पुढच्या खरेदीत वीस रुपये वजा.