दोशी पुण्याचे, शाळा मुंबईची

आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांना २०१८ साली आर्किटेक्चरमधला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांचा जन्म १९२७ चा, पुण्यातला. घरचा व्यवसाय फर्निचरचा. पुणेकरांना अभिमान वाटणं साहजिकच आहे. पण आर्किटेक्चर शिकायला १९४७ साली त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्येच जावं लागलं. पुण्यात इंजिनिअर १८५४ पासून तयार होत होते, पण आर्किटेक्ट व्हायचं तर त्या काळी जे. जे.चंच नाव निघे.

जे. जे.ची ही पत मुख्यतः क्लॉड बॅटली या इंग्रज प्राध्यापकांनी वाढवली. १९२३ ते १९४३ आर्किटेक्चर विभागाची सूत्रं त्यांच्याकडे होती. विद्यार्थ्यांना जुन्या वास्तूंपाशी नेऊन, मापं घेऊन, कागदावर उतरवायला लावणं ही त्यांची पद्धत. आचऱ्याचे आर्किटेक्ट अच्युत कानविंदे त्याच मुशीतले. पुढे ते हार्वर्डला प्रसिद्ध जर्मन आर्किटेक्ट ग्रोपिअसच्या हाताखाली शिकले आणि कानपूरच्या आयआयटीचं संकुल उभं केलं. पुण्यात बालेवाडीची नॅशनल इन्शुरन्स अकादमी त्यांचीच.

दोशींची वाट जास्त वळणांची. जे. जे.तून लंडन, तिथून पॅरिसला जगप्रसिद्ध आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे, मग त्यांच्याच कामांसाठी अहमदाबाद. तिथे १९६२ साली दोशींनी स्वतःच आर्किटेक्चरची शाळा काढली. माझ्या मते त्यांच्या इमारतींपेक्षाही हे काम मोठं.

कारण त्या शाळेचा धागा पुण्यापर्यंत येतो. हार्वर्ड आणि एमआयटीत शिकलेले अमेरिकन ख्रिस्तोफर बेनिंजर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दोशींबरोबर अहमदाबादेत शहर नियोजनाचं शिक्षण सुरू करायला आले. १९७६ साली ते पुण्यात आले आणि इथलेच झाले. पौडजवळचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आणि हडपसरचं सुझलॉन वन अर्थ ही त्यांची कामं. जन्माने पुणेकर असलेला माणूस अहमदाबादचा झाला, आणि त्याच्या शाळेतला अमेरिकन पुण्याचा!

पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था मात्र या वंशावळीबाहेरची. तिचे आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया मिशिगन विद्यापीठाचे पदवीधर, नंतर एमआयटीचे. काळ्या दगडाच्या भिंती आणि मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन यांचे पुतळे: नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आकाराला आलेलं हे संकुल पाहायला आर्किटेक्चरचे विद्यार्थी आजही वह्या घेऊन येतात.