थंडीने लष्करी अळी मरत नाही, मंदावते

निफाडला पारा ५ अंशांखाली गेला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. शेजारच्या मक्याच्या रानात मात्र वेगळीच आशा असते: एवढ्या गारठ्यात लष्करी अळी मरेल. तसं होत नाही, आणि त्या भरवशावर पीक हातचं जातं.

ही अळी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यातली, भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम सापडली. तिला हिवाळी सुप्तावस्था नाही. त्यामुळे अमेरिकेत तिचा हिवाळा निभतो तो दक्षिण फ्लोरिडा आणि दक्षिण टेक्सासात. उत्तरेकडे ती दरवर्षी नव्याने उडत जाते. पण तिथला गारठा दिवसरात्र मुक्कामाला असतो. आपला पहाटेपुरता.

तेवढ्या वेळात अळीच्या अंगातलं पाणी गोठत नाही; ते शून्याखालीही काही अंश द्रवच राहतं. त्रास वेगळाच होतो. पेशींचे क्षार आत-बाहेर करणारे पंप मंदावतात, पोटॅशियम पेशींबाहेर साचतं, स्नायू चालेनासे होतात. पहाटे पोंगा, म्हणजे मक्याच्या शेंड्याची गुंडाळलेली पानं, उलगडून पाहा: ओल्या भुशासारख्या विष्ठेखाली अळी निपचित पडलेली असते. डोक्यावर उलटा ‘वाय’, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. तळहातावर थोडा वेळ धरा, वळवळू लागेल.

वाढीचा हिशेब सोपा आहे. साधारण १२.५ अंशांवरचीच ऊब तिच्या कामाची. दिवसाची सरासरी त्याहून जितके अंश जास्त, तितके अंश-दिवस जमा; अंड्यापासून पतंगापर्यंत असे सुमारे ३९० लागतात. कमाल २८, किमान ६ असेल तर सरासरी १७, रोज ४.५ जमा, म्हणजे ८७ दिवस. (दुपारची ऊब वेगळी धरली तर बरेच कमी.) सरासरी २७ झाली की तेच काम २७ दिवसांत.

घोटाळा इथेच होतो. थंड रात्री पतंग फारसे उडत नाहीत, मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा कामगंध सापळा रिकामा दिसतो आणि पाहणी थांबते. अळी मात्र दुपारी खातच असते. म्हणून शेतात पाच ठिकाणी प्रत्येकी २० झाडांचे पोंगे बघा. बीटीसारखं (अळ्या मारणाऱ्या जिवाणूचं) पोटात जाऊन काम करणारं औषध थंडीत उशिरा लागू पडतं, कारण अळी कमी खाते. दुसऱ्या दिवशी ती जिवंत दिसली म्हणून लगेच दुसरं मारू नका.

कोष जमिनीत २ ते ८ सेंटीमीटरवर असतात. तिथे पहाटेचा गारठा पुरता पोहोचत नाही. मका निघाल्यावर खोल नांगरट करा, कोष उघडे पडले की ऊन आणि बगळे त्यांचा समाचार घेतात.