भूल उतरल्यावरची घसादुखी: नळी होती की मास्क?

ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय मात्र घसा. 'नळी घातली होती ना, दुखणारच,' असं सांगून वॉर्डात विषय संपवला जातो. पण पूर्ण भूल देताना घशात दरवेळी एकच वस्तू घालत नाहीत.

श्वासनलिकेतली नळी स्वरयंत्राच्या पट्ट्यांमधून खाली उतरते आणि टोकाजवळचा फुगा फुगवला की घट्ट बसते. म्हणून तिच्यानंतर आवाज बसतो, कोरडा खोकला येतो. लॅरिंजियल मास्क स्वरयंत्राच्या वरच थांबतो. ब्रिटिश भूलतज्ज्ञ डॉ. आर्ची ब्रेन यांनी तो १९८१ मध्ये पहिल्यांदा वापरून पाहिला. नाकातोंडावरच्या ऑक्सिजन मास्कशी त्याची गल्लत नको. हा तोंडातून आत, घशाच्या तळाशी बसतो. पट्ट्यांना सहसा धक्का लागत नाही, त्यामुळे आवाज कमी बसतो. मात्र गिळताना दुखू शकतं.

मग सगळ्यांना मास्कच का नाही? कारण पोटातलं अन्न किंवा ॲसिड वर आलं, तर फुप्फुसांचं खात्रीचं रक्षण नळीच करते. पोट रिकामं नसेल किंवा आतड्यात अडथळा असेल, तर नळीला पर्याय नाही. तिथे घसा वाचवण्यासाठी मास्कचा हट्ट धरणं मला धोक्याचं वाटतं.

खरी मेख फुग्यात आहे, आणि ती दोन्हीकडे आहे. नळीच्या फुग्यातला दाब साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. त्यावर गेला की श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. मास्कच्या कडेच्या फुग्याला याच मापात ६० ची मर्यादा सांगतात. अनेक ठिकाणी हा दाब, आतल्या फुग्याला जोडलेला तोंडाबाहेरचा छोटा फुगा बोटांनी चाचपून ठरवतात, आणि अनुभवी बोटंही इथे फसतात. दाब मोजायचं साधं यंत्र मिळतं. ते प्रत्येक ऑपरेशन थिएटरमध्ये असायलाच हवं. शिवाय नायट्रस ऑक्साइड हा भुलेचा वायू वापरला, तर तो हळूहळू फुग्यात शिरतो. सुरुवातीला बरोबर असलेला दाब तासाभरात वाढलेला असतो, म्हणून मधूनमधून मोजावं लागतं.

नळी शक्य तितकी बारीक निवडणं, ती पहिल्याच प्रयत्नात हलक्या हाताने बसणं, याचाही फरक पडतो. डेक्सामेथासोन या सूज कमी करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन किंवा भुलेआधी मॅग्नेशियमच्या गुळण्या उपयोगी पडतात, पण ते भूलतज्ज्ञांनी ठरवायचं. उपाशीपोटी ठेवलेलं असताना घरचा काढा पिऊन जाऊ नये.

तपासणीच्या वेळी भूलतज्ज्ञांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: मागच्या वेळी नळी घालताना त्रास झाला होता का, आणि तुमचं पोट आवाजावर चालतं का. गायक, शिक्षक यांच्यासाठी हे महत्त्वाचं.

बहुतेकांचा घसा दोन-तीन दिवसांत, मुद्दाम अँटिबायोटिक न घेता बरा होतो. आवाज आठवड्यानंतरही बसलेलाच असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास घेताना घरघर, मानेवर सूज किंवा ताप आणि छातीत दुखणं असेल, तर तडक हॉस्पिटल गाठा.