सागने फियॉर्ड

सागने फियॉर्ड : कॅनडाच्या क्वीबेक प्रांतातील, फ्रेंच भाषकांच्या प्रदेशातून जाणारी, समुद्राचे पाणी शिरलेली हिमानी दरी. सँ-झाँ सरोवरातून निघणारी सागने नदी खालच्या सुमारे १०० किमी. टप्प्यात या दरीतून वाहते व तादूसाक या गावाजवळ सेंट लॉरेन्स नदीला मिळते. पाण्याची कमाल खोली सुमारे २७० मी. असून काठचे कडे काही ठिकाणी ३०० मी.हून उंच आहेत.

येथे हिमनदीला आयती वाट मिळाली ती एका खचदरीची, म्हणजे भूकवचाला पडलेल्या भेगांमधील (विभंगांमधील) भाग खाली खचून झालेल्या दरीची. या खचदरीच्या वयाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तिचा संबंध अटलांटिक महासागराच्या निर्मितीशी, म्हणजे साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीच्या घडामोडींशी जोडतात. इतरांच्या मते मूळ विभंग आयापेटस या लुप्त महासागराच्या काळातील, बहुधा ६० कोटी वर्षांच्या आसपासचे आहेत. भोवतालच्या पठारावरून झिजून गेलेला ऑर्डोव्हिसियन (सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातील) चुनखडक खचलेल्या भागात मात्र टिकून आहे, त्यामुळे खचण्याची काही क्रिया तरी त्या खडकानंतर झाली असली पाहिजे. विभंग जुने, पण पुढे पुन्हा सरकलेले, हे मत म्हणूनच अधिक सयुक्तिक वाटते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी बर्फ मागे हटल्यावर समुद्र आत शिरला.

मुखाशी अवघ्या २० मी. खोलीवर उंबरठा (तळाचा आडवा उंचवटा) आहे. भरतीबरोबर सेंट लॉरेन्सचे थंड, खारे पाणी तो ओलांडून तळाशी उतरते आणि नदीचे तपकिरी, गोडे पाणी त्यावर पातळ थराने तरंगत राहते. मुखाजवळ खोल पाणी वर ढवळले जाऊन सूक्ष्मजीवांची वाढ होते, त्यामुळे देवमासे तेथे येतात. बेलुगा या पांढऱ्या देवमाशांचे तर हे वर्षभराचे वसतिक्षेत्र आहे.

सागने हे नाव येथील मूळ रहिवासी इन्नू यांच्या भाषेतील ‘पाणी बाहेर पडते ते ठिकाण’ या अर्थाच्या शब्दावरून आल्याचे सामान्यतः सांगितले जाते. तथापि १५३५ मध्ये येथे आलेल्या झाक कार्त्ये या फ्रेंच समन्वेषकाला ‘सागनेच्या राज्या’च्या संपत्तीची वार्ता इरोक्वॉय या वेगळ्या भाषाकुलातील मूळ रहिवाशांकडून मिळाली होती, हे ध्यानात घेता ही व्युत्पत्ती निर्विवाद म्हणता येत नाही. तादूसाक येथे १६०० मध्ये फ्रेंचांचे फरव्यापाराचे ठाणे उभे राहिले. फरव्यापारासाठी राखून ठेवलेल्या या प्रदेशात शेतकरी वसाहत १८३८ पासून, लाकूडतोडीच्या निमित्ताने आलेल्या एकवीस भागीदारांच्या मंडळीमुळे सुरू झाली. १९२६ मध्ये जलविद्युतशक्तीच्या आधारे आर्विदा हे ॲल्युमिनियमनगर वसले.

फियॉर्डच्या काठच्या त्रिनिते कड्यावरील, मूर्तिकार लुई झोबँ याने पाइन लाकडात घडवलेला, शिशाने मढवलेला मेरीमातेचा पुतळा (१८८१) नौकाप्रवाशांचे मुख्य आकर्षण आहे. फियॉर्डच्या मुखावर पूल नसल्याने पलीकडच्या काठावरून तादूसाकला फेरीबोटीने जावे लागते. येथील संरक्षित सागरी उद्यानात (स्थापना १९९८) बेलुगांपासून नौकांनी ४०० मी. अंतर राखावयाचे असते. हिवाळ्यात फियॉर्डकाठच्या ला बे या वस्तीजवळ गोठलेल्या पृष्ठभागावर लाकडी झोपड्यांचे गाव उभे राहते आणि बर्फाला पाडलेल्या छिद्रांतून, गोड्या थराखालच्या खाऱ्या पाण्यातील मासे पकडले जातात.