बाळाच्या रक्तातली गुठळी: आकडा तोच, जाळं वेगळं

नवजात बाळाच्या रिपोर्टवर फायब्रिनोजेन (रक्ताची गुठळी घडवणारं प्रथिन) डेसिलिटरला २५० मिलिग्रॅम दिसलं, तर शेजारच्या रकान्यात 'नॉर्मल' छापून येतं. मोठ्या माणसातही २०० ते ४०० हीच पातळी धरतात. प्रमाण सारखं असलं तरी बाळाच्या फायब्रिनोजेनपासून बनणारी गुठळी मोठ्यांसारखी नसते. ती विरळ आणि मऊ असते. हा फरक रिपोर्टवर उमटत नाही, पण एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आणि बालहृदय शस्त्रक्रियेत त्याची दखल घ्यावीच लागते.

फायब्रिनोजेन यकृतात तयार होतं. त्याच्या एका रेणूची लांबी सुमारे ४५ नॅनोमीटर, वजन ३४० किलोडाल्टन. तीन प्रकारच्या साखळ्या, प्रत्येकीच्या दोन प्रती; मधोमध एक गाठ आणि दोन टोकांना दोन. रक्तस्राव सुरू झाला की थ्रॉम्बिन हे विकर मधल्या गाठीवरचे छोटे तुकडे छाटतं. त्यामुळे उघडी पडलेली जागा शेजारच्या रेणूच्या टोकाशी जुळते आणि अर्ध्या-अर्ध्या लांबीने सरकत रेणू एकमेकांना लागत जातात. त्यातून धागे, धाग्यांतून जाडसर तंतू, तंतूंतून जाळं. फॅक्टर तेरा हा गोठवणारा घटक या जाळ्याला पक्के टाके घालतो. पुढे काम संपलं की प्लाझ्मिन हे विकर ते कापून काढतं.

फायब्रिनोजेनवर जागोजागी शर्करेच्या लहान फांद्या असतात आणि त्यांच्या टोकाला ऋणप्रभारित सियालिक आम्ल. बाळाच्या फायब्रिनोजेनवर हे आम्ल जास्त असतं. सारख्या प्रभाराचे रेणू एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून धागे जुळायला वेळ लागतो आणि जाळ्याची घडण बदलते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या ॲशली ब्राउन आणि अटलांटातल्या बालभूलतज्ज्ञ नीना गझेटा यांच्या गटाने यावर सलग काम केलं आहे. सियालिक आम्ल विकराने काढून टाकल्यावर बाळांच्या आणि मोठ्यांच्या गुठळ्यांमधला फरक बराच मिटतो, असं त्यांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिसलं.

असा फरक डोळ्यांनी पाहायचा तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक लागतो. फायब्रिनोजेनमध्ये चमकणारा रंग जोडलेलं थोडं फायब्रिनोजेन मिसळायचं, थ्रॉम्बिन घालायचं, काचपट्टीवर ओलाव्यात तासभर गोठू द्यायचं आणि मग एकेका पातळीचं चित्र घेत पूर्ण जाडी उभी करायची. बिघाडाच्या जागा बऱ्याच. बाजारात तयार मिळणारं रंगीत फायब्रिनोजेन मोठ्या माणसांच्या रक्तातलं असतं. ते सढळ हाताने घातलं की बाळाचा नमुना बाळाचा उरत नाही. थ्रॉम्बिन कमी पडलं तर तंतू जाड आणि विरळ, जास्त झालं तर बारीक आणि दाट. त्यामुळे दोन नमुन्यांत थ्रॉम्बिन, कॅल्शियम, क्षार आणि आम्लता तंतोतंत सारखी नसेल, तर दिसणारा फरक बाळाचा की प्रयोगाचा हे कळत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं देखणी असतात खरी, पण त्यासाठी गुठळी सुकवावी लागते आणि सुकताना ती आक्रसते. छिद्रांची मापं त्यावरून काढू नयेत.

या सगळ्याचा रोकडा उपयोग हृदय शस्त्रक्रियेत. तीन किलोच्या बाळात एकूण रक्त साधारण २५० मिलिलिटर. हार्ट-लंग मशीनच्या नळ्या आधी द्रवाने भराव्या लागतात आणि तो द्रवच बाळाच्या रक्ताइतका किंवा त्याहून जास्त होऊ शकतो. गोठवणारी प्रथिनं पातळ होतात, शस्त्रक्रियेनंतर रक्त थांबत नाही. मग क्रायोप्रेसिपिटेट (थोडक्यात क्रायो) हा फायब्रिनोजेनने भरलेला अर्क देतात. तो मोठ्या दात्याच्या प्लाझ्मातून आलेला असतो. म्हणजे बाळाच्या जाळ्यात मोठ्यांचे धागे शिरतात. ब्राउन-गझेटा गटाच्या निरीक्षणांत हे दोन्ही धागे नीट एकजीव होत नाहीत, आणि गुठळी जास्त दाट होऊन सावकाश विरघळते. आत्ताचा रक्तस्राव थांबवताना उद्या शिरेत किंवा शंटमध्ये (रक्तासाठी जोडलेल्या कृत्रिम वाटेत) गुठळी होण्याची भीती वाढते. रक्त वाहत असताना क्रायो देऊच नये असा याचा अर्थ मुळीच नाही. फक्त, 'अजून एक पिशवी देऊन टाकू' ही सवय बाळांच्या बाबतीत बरी नव्हे.

बाळाचं रक्त म्हणजे मोठ्यांच्या रक्ताची कच्ची आवृत्ती, ही समजूतही सोडायला हवी. कॅनडातल्या मॉरीन अँड्र्यू यांनी १९८७ साली निरोगी बाळांमधल्या घटकांची पद्धतशीर मापं दिली. व्हिटॅमिन-के वर अवलंबून असलेले गोठवणारे घटक जन्मतः मोठ्यांच्या निम्म्याच्या आसपास असतात. पण गोठणं रोखणारं अँटिथ्रॉम्बिनही तेवढंच कमी, प्रोटीन-सी त्याहून कमी. प्लेटलेट जरा सुस्त, तर त्यांना भिंतीला चिकटवणारा व्हॉन विलेब्रँड घटक जास्त. तराजू समतोल असतो, दोन्ही पारड्यांत वजन मात्र कमी. धक्का लागला की तो कोणत्याही बाजूला झुकतो.

हा धक्का बहुतेक वेळा आपणच घातलेल्या नळीचा असतो. नाळेतून घालायची ५ फ्रेंचची नळी जेमतेम १.७ मिलिमीटर जाड, पण बाळाच्या शिरेत ती बरीच जागा अडवते. प्रवाह मंदावतो, अस्तर खरवडलं जातं. नाळेच्या शिरेतल्या नळीचं टोक छाती-पोटामधल्या पडद्याच्या पातळीवर, आठव्या-नवव्या छातीच्या मणक्यापाशी असावं. ते यकृतातल्या पोर्टल शिरेच्या (आतड्यातलं रक्त यकृतात आणणाऱ्या शिरेच्या) फांदीत अडकलं तर तिथेच गुठळी धरते. हा त्रास लगेच दिसतोच असं नाही. पोर्टल शीर बंद झालेलं मूल काही वर्षांनी रक्ताची उलटी घेऊन येऊ शकतं, आणि भारतात मुलांमधल्या अशा रक्तस्रावाचं हे एक ठळक कारण आहे. म्हणून नळी घातल्यावर एक्स-रे, आणि गरज संपताच नळी बाहेर.

नळीशी संबंध नसलेल्या गुठळ्यांत मूत्रपिंडाची शीर सर्वांत पुढे: लघवीत रक्त, कुशीत हाताला लागणारी गाठ आणि घटलेल्या प्लेटलेट, या तिन्ही खुणा एकाच बाळात सापडतातच असं नाही. डी-डायमरवर (विरघळत्या गुठळीचे तुकडे मोजणाऱ्या रक्तचाचणीवर) विसंबू नये. नवजात बाळात तो तसाही वाढलेला असतो.

गुठळी शोधायचं पहिलं साधन सोनोग्राफीच. बाळ लहान, म्हणून १० ते १५ मेगाहर्ट्‌झचा उच्च कंपनाचा प्रोब चालतो आणि चित्र सुरेख येतं. तरी चुका होतात. ताजी गुठळी सोनोग्राफीत जवळजवळ काळी, म्हणजे वाहत्या रक्तासारखीच दिसते. त्यामुळे नुसतं पाहून भागत नाही, प्रोबने हलकं दाबून पाहावं लागतं: निरोगी शीर मिटते, गुठळीची मिटत नाही. दाब मात्र बेताचा, नाहीतर सगळ्याच शिरा मिटलेल्या दिसतात आणि तपासायला काही उरत नाही. मानेत आणि मांडीत हे जमतं. हासळीमागे आणि पोटातल्या मोठ्या शिरेवर जमत नाही. तिथे रंगीत डॉप्लर, म्हणजे प्रवाह रंगाने दाखवणारी सोनोग्राफी. त्याची वेगाची पट्टी मोठ्यांच्या धमनीसाठी लावलेलीच राहिली तर बाळाचा संथ प्रवाह उमटतच नाही आणि मोकळी शीर बंद वाटते. उलट रंगाचा गेन (संवेदनक्षमता) चढवला की रंग गुठळीवर सांडतो आणि बंद शीर मोकळी वाटते. प्रवाह आणि किरण यांच्यातला कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा. हृदयाच्या उजव्या कप्प्यासाठी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

मेंदूसाठी टाळूची खिडकी उघडी असते, हे बाळाचं भाग्य. मधली मोठी शिरानाल (मेंदूतलं रक्त परत नेणारी वाट) टाळूतून दिसते, बाजूच्या आणि मागच्या नीट दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एमआर व्हेनोग्राफी, म्हणजे शिरांचा एमआरआय. दूध पाजून, घट्ट गुंडाळून झोपवलं तर पुष्कळदा भूल लागत नाही. साध्या सीटीत फसगत ठरलेली, कारण बाळाचं रक्त मुळात दाट, मेंदूत पाणी जास्त, म्हणून निरोगी शिरानालही पांढरी उठून दिसते.

लॅबमध्येही हाच दाटपणा नडतो. निळ्या ट्यूबमध्ये एक भाग सायट्रेटला (नमुना गोठू न देणाऱ्या द्रावणाला) नऊ भाग रक्त हवं. हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर प्लाझ्मा कमी, सायट्रेट त्या मानाने जास्त, आणि गोठण्याची वेळ खोटीच लांबते. सायट्रेट कमी करून घ्यावं लागतं. हेपरिन (गोठणं रोखणारं औषध) चालू असलेल्या नळीतून घेतलेला नमुना तर फेकून द्यावा.

औषधाच्या मात्रेचं गणितही उलटं वाटतं. अँटिथ्रॉम्बिन कमी आणि औषधाचा निचरा वेगात, म्हणून बाळाला किलोमागे हेपरिन जास्त लागतं: मोठ्यांना तासाला १८ ते २० युनिट, वर्षाच्या आतल्या बाळाला २८. याच गटातलं एनॉक्सापॅरिन मोठ्या मुलांना किलोला १ मिलिग्रॅम, दोन महिन्यांखालच्या बाळाला दीड, दर बारा तासांनी. चौथ्या तासाला अँटी-टेन-ए (औषधाचा परिणाम मोजणारी रक्तचाचणी) ०.५ ते १ युनिट असावं. आता प्रत्यक्ष हिशोब: तीन किलोच्या बाळाला ४.५ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर औषधाचे ०.०४५ मिलिलिटर. नारिंगी टोपीच्या १०० युनिटवाल्या इन्सुलिन सिरिंजवर हे साडेचार युनिट येतात. आपल्याकडे लाल टोपीची ४० युनिटवालीही सर्रास मिळते आणि तिच्यावर साडेचार युनिट म्हणजे सव्वाअकरा मिलिग्रॅम, अडीच पट मात्रा. साध्या एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये सुईच्या बुडात अडकणारं औषधच मात्रेच्या बरोबरीचं होऊ शकतं. यावर उपाय फार्मसीत: औषध मिलिलिटरला १० मिलिग्रॅम इतकं पातळ करून घ्यायचं, म्हणजे ०.४५ मिलिलिटर भरायचं, आणि दुसऱ्या नर्सने सिरिंज पाहायची.

गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज अवयव किंवा जीव धोक्यात असेल तेव्हाच. ते प्लाझ्मिनोजेनला प्लाझ्मिन बनवतं, पण बाळात प्लाझ्मिनोजेनच मोठ्यांच्या निम्मं. म्हणून कित्येक ठिकाणी आधी किलोला १० ते २० मिलिलिटर ताजा गोठवलेला प्लाझ्मा देतात. अकाली जन्मलेल्या बाळात त्याआधी टाळूतून मेंदूची सोनोग्राफी करतात. तिथे रक्तस्राव दिसला तर अल्टेप्लेज सहसा देत नाहीत.